गेटबाहेरचा नागझिरा

पिटेझरीच्या गेटवर पहाटेच्या सफारीला आलेली माणसं बघण्यासारखी असतात. ओळखपत्रं तपासून झालेली, गाइड जिप्सीत चढलेला, टोप्या-मफलर सावरलेले. चालक चावी फिरवतो आणि पुढचे तीन-चार तास गाडी ताशी वीसच्या आसपासच राहते. हॉर्न नाही, गाणी नाहीत, खाली उतरायचं नाही. चितळाचा कॉल आला की सगळी गाडी श्वास रोखून बसते, लहान पोरंसुद्धा कुजबुजत बोलतात. शहरी माणसाला जंगलात कसं वागायचं ते कळत नाही, हा आरोप मला म्हणूनच पटत नाही. चांगलं कळतं. फक्त ते कळणं गेटवर सुरू होतं आणि गेटवर संपतं.

कारण ह्यातलीच पुष्कळ मंडळी रात्री तीनला नागपूरहून निघालेली असतात. गेटची वेळ चुकली तर पैसे बुडतात, म्हणून महामार्गावर काटा शंभराच्या पुढे. साकोलीहून पिटेझरीकडे वळलं की रस्ता अरुंद होतो, झाडी अंगावर येते, पण वेग तसाच राहतो. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर बुकिंगची पावती शोधणं चालू, नाहीतर मागच्या गाडीतल्या मित्रांना ‘कुठवर आलात?’ अशी विचारणा. वाघ बघायला निघालेली गाडी वाघाच्याच घरातून सुसाट जाते आणि गाडीतल्या कोणालाच त्यात काही खटकत नाही.

नागझिरा म्हणजे गेटच्या आतलं तेवढंच, असा आपला समज आहे. सरकारी नकाशाने तो पक्का केला आहे. नागझिरा अभयारण्य १९७० साली जाहीर झालं, नवेगावचं राष्ट्रीय उद्यान १९७५ साली. पुढे नवीन नागझिरा, नवेगाव आणि कोका ही अभयारण्यं जोडली गेली आणि डिसेंबर २०१३मध्ये हे सगळं मिळून नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. नाव एक, पण जंगल एकसंध नाही. तुकडे आहेत. तुकड्यांच्या मधे धानाच्या बांध्या आहेत, मालगुजारी तलाव आहेत, गावं आहेत, गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारी रेल्वे आहे आणि नागपूर–रायपूर हा राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, ज्याला इकडचे लोक अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. नागझिऱ्यातून नवेगावला जाणाऱ्या जनावराला हा सहा नंबर ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि जनावरं जातात. ‘जय’ नावाचा नागझिऱ्यात जन्मलेला वाघ २०१३ साली शंभरावर किलोमीटरची मजल मारून उमरेड–कऱ्हांडल्याला पोचला. वाटेत शेतं, नदी, गावं, रस्ते सगळं आलं. त्याचं पुढे काय झालं ते गूढच राहिलं, २०१६च्या एप्रिलनंतर तो दिसला नाही. पण तो तिथवर सुखरूप पोचला, ह्याचा एक अर्थ असाही होतो की त्याने ज्या-ज्या क्षणी डांबरावर पाय ठेवला त्या-त्या क्षणी तिथे कोणी मोबाइलमध्ये बघत गाडी चालवत नव्हतं. नशीब म्हणायचं.

मुरदोलीच्या वाघाचं नशीब तसं नव्हतं.

सहा नंबरवरच्या कोहमाऱ्याच्या चौकातून उत्तरेला गोंदियाचा रस्ता फुटतो. डव्वा, मुरदोली, मग गोरेगाव, मग गोंदिया. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मधला मुरदोलीचा पट्टा दाट जंगलाचा आहे. पश्चिमेच्या अंगाला नागझिऱ्याचं रान, पूर्वेला देवरी–सालेकसाकडे जाणारी वनं. कॉरिडॉर, म्हणजे जनावरांच्या येण्या-जाण्याची वाट, ती इथूनच. १० ऑगस्ट २०२३च्या रात्री ह्या पट्ट्यात रस्ता ओलांडणाऱ्या एका तरुण नर वाघाला भरधाव कारने उडवलं. वाघ जेमतेम दोन वर्षांचा, टी-१४ ह्या वाघिणीचा बच्चा. त्याची चित्रफीत देशभर फिरली. हेडलाइटच्या उजेडात रस्त्यावर पडलेला वाघ उठू बघतो, मागचं अंग उठत नाही, मग तो स्वतःला ओढत-ओढत कडेच्या झाडोऱ्यात नेतो. सकाळी वनविभागाच्या पथकाने त्याला पकडून उपचारासाठी नागपूरच्या गोरेवाड्याकडे न्यायला घेतलं. वाटेतच तो गेला.

हा वाघ गेला तो कुठल्या काळात, हे बघायला हवं. नवेगाव–नागझिऱ्यात वाघ मोजकेच. म्हणून २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरी भागातून पकडून आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार त्यासाठी स्वतः आले होते. पशुवैद्य, भुलीची इंजेक्शनं, पिंजरे, रेडिओ कॉलर, परवानग्या, महिनोन्‌महिन्यांची तयारी. त्याला तीन महिनेही व्हायचे होते, तोवर इथल्याच मातीत वाढलेला एक नर कोणीतरी गाडीखाली घेतला. दोन वाघिणी आणायला किती माणसांची किती मेहनत लागली आणि एक वाघ घालवायला किती सेकंद लागले, हा हिशेब कुठल्याही अहवालात मांडलेला नसतो.

सेकंदांचा हिशेब मात्र मांडता येतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. मोबाइलवरचा मेसेज कोणाचा आहे एवढंच बघायला दोन सेकंद पुरतात. तेवढ्यात गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते आणि ते ४४ मीटर चालकाने पाहिलेलेच नसतात. मोबाइल खिशात असलेल्या सावध माणसालासुद्धा समोर काहीतरी आहे हे उमजून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद लागतो, म्हणजे ३३ मीटर. त्यानंतर कोरड्या डांबरावर गाडी पूर्ण थांबायला आणखी पस्तीस-एक मीटर. झाले जवळपास सत्तर. आता डिपरचा उजेड बघा. तो कामापुरता पडतो पन्नास-एक मीटर. म्हणजे मुरदोलीच्या रानातून रात्री डिपरवर ऐंशीने जाणारा माणूस, लक्ष देऊन चालवत असला तरी, स्वतःच्या उजेडाच्या पुढे धावतो आहे. जे दिसतं ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तोच चाळीसने गेला तर सारा खेळ पंचवीस-सत्तावीस मीटरमध्ये आटोपतो. वेग निम्मा केला की थांबायचं अंतर निम्म्याहूनही कमी होतं, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रात आपण गुण मिळवण्यापुरतं लिहिलेलं असतं.

जनावराच्या बाजूनेही पाहिलं पाहिजे. चितळाचे डोळे अंधारासाठी घडलेले. प्रखर दिव्याचा झोत अंगावर आला की ते दिपतं आणि जागच्या जागी उभं राहतं. आपल्याला वाटतं, मूर्ख आहे, पळत का नाही? त्याला काही दिसतच नसतं. शिवाय चितळ एकटं नसतं. एक गेलं की मागून दुसरं, तिसरं, मग कळपातलं सगळ्यात बावचळलेलं पाडस. पहिल्याला चुकवून ‘वाचला बिचारा’ म्हणत ज्याने ॲक्सिलरेटर दाबला, तो दुसऱ्याला ठोकतो. रानडुकरांचंही तेच, मादीच्या मागे पिल्लांची रांग असते. थंडीत साप दिवसभर तापलेल्या डांबराच्या ऊबेला येतात. रातवा हा पक्षी तर रात्री रस्त्यावरच बसतो, गाडीच्या दिव्यात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात आणि तो अगदी शेवटच्या क्षणी उडतो. कधी उडत नाही. पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर बेडूक इतके निघतात की सकाळी रस्त्यावर नुसते सपाट झालेले डाग. त्यांचा पंचनामा कोणी करत नाही. वाघाचा होतो, बिबट्याचा होतो. मुंगसाचा, उदमांजराचा, घोरपडीचा हिशेब कावळे ठेवतात.

एका संध्याकाळी कोहमाऱ्याच्या चौकात चहाच्या टपरीवर बसून मी फक्त चालकांचे हात बघत होतो. गाड्या बघायच्या नाहीत, हात बघायचे. हा उद्योग ज्याने केला नाही त्याने एकदा करून बघावा. छोट्या पिकअपवाल्याच्या डॅशबोर्डवर मोबाइल उभा, त्यावर गाण्याचा व्हिडिओ चालू, मान दर दोन क्षणांनी तिकडे. दुचाकीवर तिघं, चालवणाऱ्याने खांदा आणि कान यांच्यात मोबाइल दाबलेला, मान वाकडी, आणि संभाषण असं: ‘हो, गाडीवर आहो, बोल ना.’ गाडीवर आहे हे सांगायचं आणि पुढे बोलायला सांगायचं, दोन्ही एका दमात. हेल्मेट होतं, पण मागच्याच्या मांडीवर. एका कारमध्ये आईच्या मांडीवरचं लेकरू स्टिअरिंगशी खेळतंय आणि बाप कौतुकाने हसतोय.

आणि खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून केलेली ही पुडी इकडच्या ट्रकचालकाच्या वरच्या खिशात नसेल तर तो ट्रक चालूच होत नाही म्हणा ना. त्याने झोप उडते, असं चालक सांगतात; उडतही असेल. पण पुडीचं रबर काढायचं तर दोन्ही हात लागतात. रबर दातांनी ओढायचं, कोपरांनी स्टिअरिंग धरायचं, चिमूट गालात सारायची. मग थोड्या वेळाने पिंक. खिडकी अर्धी अडकलेली असली तर चालत्या ट्रकचं दार किलकिलं उघडून, अर्धं अंग बाहेर काढून पिंक टाकणारे महाभाग मी ह्या चौकात पाहिले आहेत. त्या वेळी दहा-बारा टनांचं धूड कोण चालवत असतं? सवय. बहुतेक वेळा सवय बरोबर चालवते, म्हणून तर ती सवय झालेली असते.

खरं तर ‘बेदरकार’ हा आपला आवडता शब्द मला इथे अपुरा वाटतो. मुरदोलीतून शंभरने जाणारा बडा गाडीवाला बेदरकार असतो, कबूल. पण ह्या रस्त्यावरचे बाकीचे तसे नसतात. ते साधे, कष्टाळू, घाईत असलेले लोक असतात आणि त्यांचं लक्ष दुसरीकडे असतं. राइस मिलवर धान टाकून परतणारा शेतकरी धानाच्या भावाचा विचार करत असतो. दवाखान्यातून निघालेला माणूस बिलाचा. ज्या रस्त्यावरून रोज जा-ये आहे तो रस्ता माणूस बघतच नाही. ओळखीच्या रस्त्यावर डोळे उघडे असतात आणि मन घरी पोचलेलं असतं.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर यांनी ह्याच गोष्टीवर बरीच वर्षं काम केलं आहे. सिम्युलेटरवर गाडी चालवणाऱ्यांच्या डोळ्यांवर त्यांनी उपकरणं लावली. फोनवर बोलणाऱ्यांचे डोळे रस्त्याकडेच्या फलकांवर जात होते, तिथे ठरतही होते, पण नंतर विचारलं तर फलक आठवत नव्हते. हॅन्ड्सफ्री लावला तरी फार फरक पडत नव्हता, कारण अडचण हाताची नव्हती, मनाची होती. इकडे ‘आपण ब्लूटूथवर बोलतो, त्यामुळे धोका नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे सुशिक्षित भेटतात, तेव्हा मला स्ट्रेयर आठवतात. ‘वन्यप्राणी मार्ग, वाहने सावकाश चालवा’ असा वनविभागाचा पिवळा फलक मुरदोलीच्या रानातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढून जातो. टपरीवर बसलेल्या दोघा-तिघांना मी विचारलं, फलक आहे का? एकाने ठामपणे नाही म्हणून सांगितलं. तो रोज त्याच रस्त्याने येत होता.

दिवाळीनंतरचे दिवस ह्या भागात सगळ्यात आनंदाचे आणि रस्त्यासाठी सगळ्यात वाईट. फराळाची ताटं बाजूला होतात तेव्हा झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या ह्या पट्ट्यात, मंडईचा हंगाम सुरू होतो. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दुपारी बाजार, पाळणे, दंडार, रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्यांचे हे कमाईचे दिवस. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, आणि पाहुणे दहा-पंधरा कोसांवरून आलेले असतात. जावई आला, मेहुणा आला, मुंबई-पुण्याला कामाला असलेली पोरं सुट्टीवर आलेली. पडदा पडला की पहाटे चार-पाचला हे सगळं गणगोत दुचाक्यांवर, काळी-पिवळीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून घराकडे निघतं. चालवणारा रात्रभर जागा. कोणी थोडी घेतलेलीही असते. अंगावर शहारा आणणारी थंडी, धुकं, आणि नेमकी हीच वेळ जनावरांची. अस्वल, सांबर, डुकरं रात्रभर शेतात चरून जंगलाकडे परतत असतात. दोघंही आपापल्या घरी निघालेले आणि वाट एकच.

त्यात धानाची कापणी-मळणी. रस्त्याच्या एका अंगाला अर्ध्या लेनवर धान वाळत पसरलेला, त्याच्या कडेला कोणी गाडी घालू नये म्हणून मांडलेले हे एवढाले दगड. संध्याकाळी धान गोळा होतो, दगड राहतात. तणसाने भरलेली ट्रॉली रस्त्याच्या मधोमध, तणस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागे दिवा नाही, लाल रिफ्लेक्टर असला तर तणसाखाली दडलेला. मागून ऐंशीने येणाऱ्याला ती अंधाराचाच एक तुकडा वाटते. पूर्वी बंडीच्या खाली कंदील टांगलेला असायचा. त्याचा उजेड काय डोंबलाचा पडणार, पण लांबून हलणारा ठिपका दिसायचा आणि पुढे कोणीतरी आहे हे कळायचं.

ह्याच कोहमारा–गोंदिया रस्त्यावर, डव्व्याजवळ, २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे निघालेली शिवशाही बस उलटली. भर दुपार. रान नाही, अंधार नाही, धुकं नाही. वळणावर समोर दुचाकी आली, तिला वाचवताना चालकाचा ताबा सुटला, असं तेव्हा बातम्यांत आलं. अकरा माणसं गेली, वीसहून अधिक जखमी झाली. मुरदोलीच्या वाघासारखी ह्याही घटनेची देशभर बातमी झाली, पंतप्रधानांपासून सगळ्यांनी शोक व्यक्त केला, मदत जाहीर झाली. मुरदोली आणि डव्वा ही दोन गावं एकाच रस्त्यावर जवळजवळ आहेत. पण ह्या दोन घटनांबद्दल बोलणारे लोक वेगवेगळे आहेत. वाघाबद्दल बोलणारे वन्यजीवप्रेमी, बसबद्दल बोलणारे राजकीय कार्यकर्ते. एका बाजूला ‘माणसांपेक्षा वाघ मोठा झाला का?’ असा सूर, दुसऱ्या बाजूला ‘माणसांनी जंगलात रस्ते केलेच कशाला?’ असा. रस्ता मात्र तोच आणि त्यावर अचानक समोर काहीतरी येतं हेही तेच. चालकाच्या हातात तेव्हा किती मीटर उरलेले आहेत एवढाच प्रश्न असतो. समोर वाघ आहे की दुचाकीवरचा पोरगा, ह्याने त्या मीटरांत फरक पडत नाही.

आकडे बघायचेच तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे बघावेत. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. मोबाइल वापरल्याने झालेले मृत्यू त्याच अहवालात साडेतीन हजारांच्याही आत. हा दुसरा आकडा मला अजिबात खरा वाटत नाही. अपघातानंतर ‘साहेब, मी मोबाइल बघत होतो’ असं कोण सांगणार? चालक जिवंत असला तर फोन खिशात जातो, मेला तर कुठेतरी गवतात पडतो. पोलिसाला एक कारण लिहायचं असतं, तो ‘अतिवेग’ लिहितो. जनावरांच्या बाबतीत तर तेवढंही नाही. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत’ एवढं लिहून वनरक्षक टेप गुंडाळतो. वाहन अज्ञात राहतं, कारण ठोकणारा थांबत नाही, आणि थांबावं असं त्याला वाटेल अशी काही सोयही नाही. वाघ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे हे ठोकणाऱ्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. आपल्याला शिकाऱ्यांच्या रांगेत बसवतील ह्या धास्तीने तो दिवे विझवून पळतो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन चालवताना हातात मोबाइल धरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडू लागलं. दंड एक ते पाच हजार, तुरुंगवासाचीही तरतूद. गोंदिया शहरात चौकाचौकात त्याची पावती फाडली जाते. मुरदोलीच्या रानात कोण फाडणार?

गेटच्या आतली शिस्त काय लायकीची आहे, हेही ३१ डिसेंबर २०२४ला दिसलं. जयने ज्या उमरेड–कऱ्हांडल्यात बस्तान बसवलं होतं, तिथे गोठणगाव गेटच्या आत ‘एफ-२’ वाघीण आणि तिची पाच पिल्लं रस्त्यावर आली आणि जिप्सींनी पुढून-मागून त्यांना कोंडलं. फोटो काढून झाले, मग ते फोटो फिरले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक-गाइड निलंबित झाले, दंड झाले, सफारीत मोबाइलवरची बंदी कडक झाली. म्हणजे गेटच्या आतली ती वीसची चाल, तो शहाणपणा, सगळं दंडाच्या भयाचं आणि परवाना जाण्याच्या भीतीचं होतं. वाघीण समोर आल्यावर तेही गळून पडलं. मला ह्याचं वाईट वाटलं तरी आश्चर्य वाटलं नाही. उलट एक गोष्ट पटली: भय का असेना, ते असलं की माणूस वीसने चालवतो. बाहेरच्या रस्त्यावर ते नाही एवढाच फरक.

ज्यांना माणसाच्या लक्षावर भरवसा ठेवायचा नव्हता त्यांनी दुसरा मार्ग काढला. नागपूर–शिवनी महामार्गावर, पेंचच्या जंगलात, न्यायालयीन लढाईनंतर रस्ताच उचलून घेतला गेला. महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ बांधकामं झाली, सगळ्यात लांब ७५० मीटरचं. वर ट्रक, खाली रान. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९मध्ये तिथे कॅमेरे लावले तेव्हा १८ जातींचे प्राणी खालून जाताना टिपले गेले; ११ वेगवेगळे वाघ, मिळून ८९ वेळा. पुलाखालून जाणाऱ्या वाघाला वरच्या चालकाने खर्रा खाल्ला की व्हिडिओ बघितला, ह्याच्याशी काही देणंघेणं नाही. ही खरी अभियांत्रिकी. माणूस सुधारेल अशी वाट न बघता केलेली. त्याच नागपूरच्या दुसऱ्या अंगाला, अमरावती रस्त्यावर, डिसेंबर २०१७मध्ये बाजारगावजवळ ‘बाजीराव’ हा वाघ वाहनाच्या धडकेत मेला. तिथे असा पूल नव्हता.

पण कोहमारा–गोंदिया हा काही तसा महामार्ग नाही. दर दोन किलोमीटरला फाटा, शाळा, बसथांबा, शेतात जाणारी पांदण. सगळा रस्ता उचलून खांबांवर ठेवता येत नाही. मग कोणी बांदीपूरचं उदाहरण देतात. तिथे कर्नाटकात २००९पासून रात्री नऊ ते सकाळी सहा जंगलातून जाणारा महामार्ग वाहनांना बंद आहे, ठरावीक बस आणि रुग्णवाहिका वगळून. ते ऐकायला छान वाटतं. इथे सडक अर्जुनीकडची अडलेली बाळंतीण घेऊन १०८ची गाडी रात्री गोंदियाच्या बाई गंगाबाई रुग्णालयाकडे धावते ती ह्याच रस्त्याने, तिला सोडतीलही. पण तिच्या मागे दुचाकीवर डबा घेऊन निघालेला दीर असतो, त्याला कोणता पास देणार? त्यामुळे रात्रबंदीची मागणी मला नागपुरात बसून केलेली वाटते. मुरदोलीच्या पट्ट्यापुरते, त्या काही किलोमीटरांत, आदळतील असे गतिरोधक, वेग टिपणारे कॅमेरे आणि रात्री चाळीसची मर्यादा, इतकं पुरे आहे. गाडीचा आस तुटेल ह्या भीतीने जो सावकाश जातो तोही वाघाच्या उपयोगाचाच.

सावकाश जाणारे आजही आहेत. ते नेमके कोण, हे बघून मला गंमत वाटली. साकोली, तिरोडा, गोंदिया आगारांचे जुने एसटी चालक. त्यांना जनावरांचा पुळका असतो असं नाही. पण वर्षानुवर्षं त्याच फेरीवर काढलेली असतात, कुठल्या वळणावर सांबर उतरतं, कुठल्या पुलाशी गुरं बसतात हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. पावसाळ्यात गाई-म्हशी रात्री डांबरावर येऊन बसतात, तिथे कोरडं असतं आणि डासही कमी. जुना चालक तिथे आधीच गिअर उतरवतो. एक चितळ ओलांडलं की थांबून राहतो, मागच्यांची वाट बघतो. समोरून येणाऱ्याला डिपर देऊन पुढे काहीतरी आहे हे सांगतो. समोरच्याला ती खूण कळतेच असं नाही. नवीन पोरांना वाटतं पुढे पोलीस उभे आहेत. तेवढ्या वेळापुरता का होईना, वेग उतरतो आणि मोबाइल मांडीखाली जातो.

आता नागपूरहून गोंदियापर्यंत नवा द्रुतगती मार्ग व्हायचा आहे, दीडशेहून अधिक किलोमीटरचा, समृद्धीच्या धर्तीवर. कोहमाऱ्याच्या टपरीवर त्याचीच चर्चा जोरात असते. कोणाची जमीन जाणार, एकराला काय मिळणार. नवा रस्ता झाला की जुन्यावरची गर्दी आणि अपघात दोन्ही कमी होतील, असं तिथे बहुतेकांचं मत आहे. नागपूरच्या सुसाट गाड्या तिकडे जातीलही. खर्ऱ्याची पुडी दातांनी उघडणारा, ट्रॉलीला मागे दिवा न लावणारा आणि मेहुण्याला मागे बसवून पहाटे मंडईहून परतणारा, हे सगळे जुन्याच रस्त्याने जाणार आहेत, आणि मुरदोलीचं रान जुन्या रस्त्यावर आहे.